बुटक्याची बाजू

आमच्या तलावाच्या पाळीवर दोन वर्षं एकच भांडण चाललं होतं. त्यातला एक भांडखोर मी, दुसरा माझा साळा. जमिनीचं नाही, वाटणीचं नाही, भांडण होतं बॉक्सिंगचं. मी शाळेत असताना एक बुटका बॉक्सर जगाचा हेवीवेट चॅम्पियन होता. त्याला आज परत रिंगणात उभा केला, अगदी तेव्हाच्याच वयाचा आणि तेव्हाच्याच दमाचा, तर आजचे साडेसहा फुटी गडी त्याला लोळवतील की तो त्यांना? मी म्हणायचो, तो एकेकाला झोपवेल. साळा म्हणायचा, पहिल्या राउंडमध्येच त्याचं तोंड सुजेल.

मोहाडी तालुक्यातल्या धानाच्या गावात, मासोळ्या धरणाऱ्या दोन माणसांना या गोष्टीची एवढी आग का असावी, हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी त्याच्यावरही खेकसलो असतो. स्वभावच तसा आहे. मला एका जागी बसवत नाही. वाद घालतानासुद्धा मी चालत असतो. साळा बुडाखाली गमछा टाकून निवांत बसायचा आणि मी त्याच्याभोवती फेऱ्या मारत बोलायचो. बायको म्हणायची, "त्याले चक्कर येऊन पडन एखाद दिवशी, मंग म्हणाल मी जितलो." साळा तिचा सख्खा भाऊ. पण ती बाजू कोणाचीच घ्यायची नाही. तिला दोघंही कामातून गेलेले वाटायचो.

त्या बुटक्याला मी गुरुजींच्या घरी टीव्हीवर पाहिलं होतं. समोरचा त्याच्याहून हातभर उंच. त्याचे लांब हात येताहेत, आणि हा मान खाली घालून त्या हातांच्या खालून आत घुसतोय. एकदा घुसला की मग लांब हात असून उपयोग काय? जवळच्या माणसाला लांब हातानं मारता येत नाही. मी तेव्हा वर्गात सगळ्यात ठेंगणा होतो. त्या दिवशी घरी येताना मी रस्त्यातल्या प्रत्येक फांदीखालून मान घालून आलो, एवढं मला आठवतं.

आता साळ्याच्या मोबाईलवर सगळंच दिसतं, जुन्याही झुंजी आणि नव्याही. तो आमचा मासोळ्यांचा टेम्पो तुमसरला नेतो. तिथं माल उतरेपर्यंत त्याला तेच काम. आला की म्हणायचा, "भाऊजी, आज एक पाहलो. सहा फूट नऊ इंच! तुमचा बुटका त्याच्या बेंबीले बी लागत नाई."

"बेंबीवरच मारन मंग थो," मी म्हणायचो.

एकदा त्यानं हे सिद्धच करून दाखवायचं ठरवलं. डोंगा ढकलायचा लांब बांबू घेतला, त्याचं एक टोक माझ्या छातीला लावलं आणि म्हणाला, "या, मारा मले. या नं जवळ!" मी डावीकडून गेलो, बांबू डावीकडे आला. उजवीकडून गेलो, उजवीकडे आला. पाळीवर बसलेले पाच-सहा जण हसायला लागले. माझं डोकं फिरलं. मी खाली वाकलो, बांबूच्या खालून सुसाट गेलो आणि त्याला कमरेला धरून दोघंही चिखलात पडलो. उठल्याबरोबर मी ओरडलो, "घुसलो का नाई आत? बोल, घुसलो का नाई?" तो तोंडातला चिखल थुंकत म्हणाला, "थो बांबू होता, भाऊजी. हात राहिला असता त वापस आला असता तुमच्या कानावर."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं असं वाटेल. पण जिच्यामुळे मी एवढा चिडायचो ती गोष्ट वेगळी होती, आणि पाळीवरच्या सगळ्यांना ती माहीत होती. माझी मुलगी बॉक्सिंग खेळायची.

कॉलेजात गेल्यावर तिथल्या क्रीडा शिक्षकानं तिला पाहिलं आणि विचारलं, खेळतेस का? तोवर तिच्या जाडेपणाला गावानं फक्त नावंच ठेवली होती. लहानपणी पोरं तिला पोतं म्हणायची. एकदा ती रडत आली तेव्हा मी त्या पोरांच्या घरोघर जाऊन भांडून आलो होतो, आणि त्यानं काहीही झालं नव्हतं. आता तीच पोर ग्लोव्हज घालून बॅगेला ठोसा मारायची तेव्हा वरची साखळी खणखणायची. तिची उंची मात्र माझ्यावर गेली. सर मला म्हणाले, "दम आहे पोरीत. पण एक्क्याऐंशी किलोच्या आत ठेवा. त्याच्या वरचा गट हेवीचा. तिथं पोरी उंच असतात, हिचा हात पोहोचणार नाही. आत राहिली तर जिल्ह्यातून निवड होईल. लिहून देतो."

म्हणजे माझी मुलगी बुटकी, तिचे हात आखूड, आणि साळा रोज पाळीवर बसून सांगणार की आखूड हातवाला मार खातो. तो मुद्दाम बोलत नव्हता, त्याचा भाचीवर जीव होता. तिचे बूट त्यानंच आणले होते. पण मला प्रत्येक शब्द तिच्यावर गेल्यासारखा लागायचा. म्हणून मी त्या बुटक्याला कधी हरू दिलं नाही. ती जवळपास असली की माझा आवाज आणखी चढायचा. जाळं वाळत घालायला यायची, थोडा वेळ उभी राहायची, ऐकायची आणि काही न बोलता जायची. मला वाटायचं, पोरीला बळ येतंय.

निवड भंडाऱ्याला होती. आठ दिवस आधी तिनं मोहाडीच्या मेडिकलवाल्याकडे वजन केलं, साडेब्याऐंशी भरलं. ती उतरलेल्या तोंडानं घरी आली. मी म्हटलं, "त्या डब्ब्याचं काय खरं? शंभर माणसं रोज नाचतात त्याच्यावर. आपला काटा कायले आहे?"

काट्याचा माणूस मी. आम्ही मासोळ्या धरणाऱ्यांनी मिळून तलाव ठेक्यानं घेतला आहे. जाळं ओढायचं काम बाकीच्यांचं, आणि तोलायचं माझं. वीस वर्षं तोलतोय. गोल तबकडीचा टांगता काटा आहे, मोहाच्या फांदीला बांधलेला. माझ्या तोलण्यावर ना आमच्या माणसांनी बोट ठेवलं, ना व्यापाऱ्यानं. या गोष्टीचा मला गर्व होता, आहे असंही म्हणा.

तर पोरीला काट्यावर टांगायचं ठरलं. सकाळी, माणसं जमायच्या आत. बायकोच्या जुन्या लुगड्याची झोळी केली, दोन्ही टोकं आकड्याला अडकवली. पोर झोळीत बसली आणि मोहाची फांदी करकरली. साळा खाली हात पसरून उभा, पडली तर झेलायला म्हणे! ती हसू दाबत म्हणाली, "मामाजी, तुमी बाजूले व्हा, नाईतं दोघाइले दवाखान्यात न्या लागन." काटा हलला, डुलला, थांबला. बरोबर एक्क्याऐंशी. मी तर हुशार माणूस, झोळीचं अर्धा किलो वजा केलं. साडेऐंशी! अर्धा किलो खालीच. मी टाळी वाजवली. पोरीच्या तोंडावरचं ते हसू मी अजून विसरलो नाही. साळा म्हणाला, "मेडिकलात एकदा पुन्हा पाहून घेऊ नं, भाऊजी." मी त्याला झापलं. म्हटलं, "वीस वर्षं तोलून राहिलो मी. तू मले शिकवतं?"

त्यानंतर आठ दिवस तिनं वजन उतरवायची काळजी केली नाही. माझाच सल्ला. म्हटलं, उगाच उपाशी राहून कमजोर होऊ नको.

निवडीच्या दिवशी आम्ही तिघं पहिल्या एसटीनं भंडाऱ्याला गेलो. पोरीनं खबरदारी म्हणून सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. बसमध्ये मी उभाच होतो. जागा होती, पण मला बसवेना. दोनदा कंडक्टरनं सांगितलं, दोनदा मी बसलो आणि उठलो. साळा खिडकीला डोकं लावून झोपला होता. या माणसाला कुठंही झोप येते, याचाही मला रागच आला.

हॉलमध्ये वजन घेत होते. जमिनीवरचा सपाट काटा, समोर लाल आकडे. पोर त्याच्यावर उभी राहिली. ब्याऐंशी किलो शंभर ग्रॅम.

टेबलाशी बसलेल्या माणसानं आकडा लिहायला पेन उचललं, तसा मी पुढं झालो. म्हटलं, तुमचा काटा चुकतो आहे. तो शांतपणे म्हणाला, बाजूच्या काट्यावर पाहा. बाजूचाही तेच बोलला. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आमच्या काट्याची सुई शून्यावर नसतेच. दोन किलो मागे असते. एक टोपलीचा, एक पाण्याचा. मासोळी तलावातून थेट काट्यावर येते, टोपलीतून पाणी निथळत असतं, व्यापारी पाणी का विकत घेईल? म्हणून माझ्या सासऱ्याच्या काळापासून सुई दोन किलो मागे ठेवायची रीत आहे. आम्हाला ठाऊक, व्यापाऱ्याला ठाऊक. एवढी अंगवळणी पडलेली गोष्ट, की सुई मागे आहे हे मला दिसायचंच बंद झालं होतं. मी माझ्या पोरीला ओल्या टोपलीतल्या मासोळीसारखं तोललं होतं. आणि वर झोळीचं अर्धा किलो वजा करून हुशारी दाखवली होती.

"आता काय?" सरांनी विचारलं. ते आमच्याबरोबरच उभे होते.

टेबलावरचा माणूस म्हणाला, "या गटात नाही खेळता येणार. वरच्या हेवीच्या गटात एकच मुलगी आहे, तिला जोडी नाही. हिची तयारी असेल तर तिच्याशी लावतो. नाहीतर नाव काढून टाका. दहा मिनिटांत सांगा."

ती एकटी मुलगी भिंतीशी उभी राहून हाताला पट्टी गुंडाळत होती. सहा फुटाला दोन-तीन बोटं कमी असेल. खांदे रुंद, आणि हात... मी त्या हातांकडे पाहतच राहिलो. पट्टी संपता संपत नव्हती. माझ्या पोरीनंही तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. साळाही माझ्याकडे पाहत होता. दोन वर्षं ज्याच्यावरून मी घसा फोडला, तोच प्रश्न आता समोर उभा होता. बुटक्यानं लांब हाताशी भिडायचं की नाही?

मी म्हणालो, "चाल घरी."

पोरीला कळलं नाही. "का म्हणता?"

"घरी चाल म्हणतो. पाहली नं तिले? टिकशीन का तू तिच्यासमोर? दात पाडन थे."

"पण बाबा, तुमीच त म्हणता, आत घुसलं की..."

"थे पाळीवरचं बोलणं होय!" मी ओरडलो. हॉलमधल्या लोकांनी माना वळवल्या. "तिथं काय लागते बोलाले? इथं खरा मार आहे."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही सांगता येत नाही. राग नव्हता. ती एकदम लहान वाटली, पोतं म्हणून चिडवल्यावर घरी यायची तेवढी. मला कळत होतं की मी आत्ता काहीतरी मोडलं आहे, तरी माझी जीभ थांबेना. मी तिच्या बॅगेचा पट्टा ओढायला लागलो.

साळ्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "खेळू द्या तिले, भाऊजी."

"तू म्हणतं? तू? रोज म्हणतं बुटका मार खाते म्हून!"

"मी बी पाळीवरचंच बोलत होतो," तो म्हणाला. "इथं आपली पोरगी आहे. तिले इचारा."

मी विचारलं नाही. तिनंच पट्टा माझ्या हातातून सोडवला, टेबलाशी गेली आणि सही केली. एकोणीस वर्षांची होती, बापाची सही लागत नव्हती. मग कोपऱ्यात जाऊन बाटलीभर पाणी प्यायली.

झुंज सुरू व्हायला तासभर होता. पालकांसाठी रिंगजवळ खुर्च्या मांडल्या होत्या. सरांनी मला आणि साळ्याला पुढच्या रांगेत बसवलं. पोर दोऱ्यांखालून आत आली, डोक्याला गार्ड, तोंडात रबराचा दात. तिनं आमच्याकडे पाहून मान हलवली. घंटा झाली. त्या लांब मुलीचा हात आला आणि माझ्या पोरीच्या कपाळावर ठप्पकन बसला. परत आला, परत बसला. पहिली तीन मिनिटं तेच. पोर पुढं जायची आणि तो हात तिला थांबवायचा. मी खुर्चीवर नुसता हलत होतो. माझे पाय आपोआप पुढं सरकत होते. राउंड संपला, तिला स्टुलावर बसवलं, सर तिच्या कानाशी काही बोलत होते. मी उठलो. साळा म्हणाला, "कुठं?" मी म्हटलं, "आलोच."

मी बाहेर पडलो. हॉलला एक फेरी मारली, दुसरी मारली. बाहेर आलूबोंड्याची गाडी होती, तिथं उभा राहिलो, काही घेतलं नाही. आतून लोकांचा आवाज आला, मग घंटेचा. मी आणखी दूर गेलो, फाटकापर्यंत. एका ऑटोवाल्यानं विचारलं, कुठं जायचं काका? मी म्हटलं, कुठंच नाही. मला स्वतःचीच लाज वाटत होती आणि पाय मात्र थांबायला तयार नव्हते. वीस पावलं हॉलकडे यायचो आणि तीस पावलं मागे जायचो.

बऱ्याच वेळानं साळा मला शोधत आला. "हारली," तो म्हणाला. "पॉइंटवर. पण दुसऱ्या राउंडमध्ये आत घुसली होती, भाऊजी. तीन मारले पोटात, थे लंबी मागं गेली दोरापर्यंत. लोक उभे झाले होते." मग म्हणाला, "मंग नाकावर बसला एक. रगत निघालं. तिथून झुंज हातची गेली."

पोर बाहेर आली. नाकात कापूस, ओठ सुजलेला. मी तिची बॅग घेतली. परतीच्या बसमध्ये ती मामाशेजारी बसली. मी मागे बसलो, आणि मोहाडी येईपर्यंत एकदाही उठलो नाही.

गावात काट्याची गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. "पोरीचं पाणी वजा केलं काय हो?" असं लोक मला विचारायचे. मी ऐकून घ्यायचो. तेवढं तर मी कमावलंच होतं. पाळीवरचा वाद आपोआप बंद पडला. साळा मोबाईल काढायचा आणि परत खिशात ठेवायचा.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी आम्ही अंगणात जाळं दुरुस्त करत बसलो होतो, ती आणि मी. तिचं नाक बरं झालं होतं. मी किती दिवस मनात घोळवलेलं बोललो. म्हटलं, "माय, माही चूक झाली. मी तुले बरोबर तोललो असतो त खालच्या गटात खेळली असतीस. थो ठोसा माह्यामुळं बसला तुले."

"काट्यामुळं नाई बसला, बाबा," ती म्हणाली. हात चालूच होते. "अन् आता मी वरच खेळणार आहे. पुढच्या महिन्यात नागपूरले खुली स्पर्धा आहे. सरांनं नाव देलं माझं."

मला एकदम हुरूप आला. म्हटलं, "मी येतो. या बारीनं शेवटपर्यंत बसतो, तुयी शपथ."

तिनं जाळ्याला गाठ मारली, धागा दातानं तोडला.

"मामाजी येऊन राहिले संग," ती म्हणाली. "तुमी नका येऊ."

"काहून?"

"दुसऱ्या राउंडमध्ये मी आत घुसली नं, तीन मारली, थे मागं गेली. तवा मले वाटलं, बाबानं पाहलं असन. म्हून मी तुमच्याकडं पाहली." तिनं माझ्याकडे न पाहता सांगितलं. "खुर्ची खाली होती. मी पाहूनच राहली, अन् तेवढ्यात नाकावर बसला."

मी हातातलं जाळं खाली ठेवलं.

"राग नाई मले," ती म्हणाली. "पण तुमी तिथं असाल त मी पाहीनच. मले राहवत नाई."

मी म्हटलं, "बरं."